मुलीचं वजन दोनदा वजा करू नका

‘मुली जात्याच नाजूक, वजन किलोभर कमी असलं तरी चालतं. मुलग्यांना भूक जास्त, त्यांना चौथ्या महिन्यापासून वरचं सुरू करा. मुलींना स्निग्ध कमी द्या, नाहीतर लवकर वयात येतात.’ हा मेसेज फिरत फिरत भाचीपर्यंत पोचला. तिची मुलगी ९ महिन्यांची आहे, म्हणून लिहिणं भाग आहे.

पहिलं वाक्य सगळ्यात घातक. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६चे वाढीचे तक्ते मुलगे आणि मुलींसाठी वेगवेगळेच आहेत. ९व्या महिन्याला मुलग्यांचं मध्यक वजन (निम्म्यांचं याहून जास्त, निम्म्यांचं कमी) ८.९ किलो, मुलींचं ८.२. म्हणजे जो काही फरक आहे तो तक्त्यानं आधीच धरलाय. मुलींच्या तक्त्यावर या वयाला ६.५ किलोच्या खाली कमी वजन आणि ५.८च्या खाली तीव्र कमी वजन. आता मेसेजची किलोभर सूट द्या: ६.५चे ५.५ झाले. ५.६ किलोची मुलगी, जिला लगेच डॉक्टरांकडे न्यायला हवं, ती या हिशेबात ठणठणीत!

उलटी चूकही होते. याच वयाचा ७ किलोचा मुलगा मुलग्यांच्या निळ्या तक्त्यावर कमी वजनाचा ठरतो (मर्यादा ७.१), चुकून मुलींच्या गुलाबी तक्त्यावर मांडला की सुटतो. म्हणून आधी रंग बघा. वजन कपडे काढून, शक्यतो त्याच काट्यावर घ्या. वजनाच्या एका ठिपक्यापेक्षा ठिपके जोडणारी रेषा महत्त्वाची. ती आडवी झाली की कारण शोधायचं.

मुलग्यांना जास्त ऊर्जा लागते, हे अर्धसत्य मान्य. १ ते २ वर्षांत सरासरी दिवसाला सुमारे ९५० कॅलरी, मुलींना ८६५. पण हा फरक मुख्यतः वजनाचा. किलोमागे ८२ आणि ८०. एकूण फरक चहाच्या चमच्यानं दोन चमचे तेलाएवढा. यावरून कोणाच्या ताटात कमी वाढायचं ते ठरत नाही.

चौथ्या महिन्याचं म्हणाल तर पूर्ण ६ महिने फक्त आईचं दूध, दोघांनाही. आधी भरवलं की दूध पिणं घटतं आणि जुलाबाचा धोका वाढतो.

राहिलं स्निग्ध. बाळाचं पोट किलोमागे साधारण ३० मिलि, म्हणजे ८ किलोच्या बाळाचं जेमतेम २४०. पातळ, बिनस्निग्ध खाण्यानं ते भरतं, पण ऊर्जा पुरत नाही. लवकर वयात येण्याचा संबंध जोडला जातो तो पुढच्या वयातल्या लठ्ठपणाशी. २ वर्षांखालच्या बाळाचं स्निग्ध तोडायचं नसतं, मग मुलगी असो की मुलगा.