टाकी भरली म्हणजे औषध झालं असं नाही

मूलपेशी म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी घडू शकतात अशा पेशी. त्यांच्याबद्दल एक मजकूर सध्या जोरात फिरतोय: "मूलपेशी दिवसाला दुप्पट होतात. एकीपासून महिन्याभरात शंभर कोटी! टाकीत वाढवा, हवं तेवढं औषध घ्या. उपचार महाग आहेत ते केवळ कंपन्यांमुळे."

आकडेमोड बरोबर आहे. 30 दुपटींत 107 कोटी होतात. पण एका मोठ्या हार्ट अटॅकमध्येच हृदयाच्या साधारण शंभर कोटी स्नायूपेशी मरतात, तेव्हा हा आकडा फार मोठा नाही. शिवाय सगळ्या मूलपेशी अशा वाढतही नाहीत. अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या काही दुपटींनंतर थकतात. अमर्याद वाढतात त्या भ्रूणापासूनच्या आणि आयपीएस पेशी, म्हणजे जपानी शास्त्रज्ञ यामानाकांच्या पद्धतीने शरीरातल्या साध्या पेशींपासून घडवलेल्या मूलपेशी.

'टाकीत वाढवा' म्हणणं सोपं आहे. या पेशी सुट्या केल्या की बहुतेक मरतात, म्हणून एकमेकींना चिकटलेल्या छोट्या पुंजक्यांच्या रूपात वाढवतात. हळू ढवळलं तर पुंजके चिकटून मोठे होतात आणि आतल्या पेशी ऑक्सिजनविना मरतात. जोरात ढवळलं तर पेशी फाटतात.

"मग प्रतिपिंडांची (रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांची, अँटिबॉडींची) औषधं हजारो लिटरच्या टाक्यांत कशी बनतात?" तिथे पेशी ही मजूर असते. तिने बनवलेलं प्रथिन गाळून घेतात, तिला फेकून देतात. इथे पेशी हाच माल. जीवाणू अडवणारी गाळणी तिलाही अडवते, उकळून निर्जंतुक करायची तर सोयच नाही.

खरी गोम वेगळीच आहे. वाढता वाढता एखाद्या पेशीत 20व्या गुणसूत्राचा एक तुकडा जादा होतो. ती इतरांपेक्षा कमी मरते आणि काही आठवड्यांत अख्खी बाटली तिच्याच वंशाची होते. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं छान दिसतं, पण अशा बदललेल्या पेशी रुग्णाला देणं धोक्याचं! जपानमध्ये 2014 साली एका महिला रुग्णाच्या डोळ्यात तिच्याच आयपीएस पेशींपासून केलेला, दृष्टिपटलामागच्या पेशींचा पातळ थर बसवला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल सापडले, ते रोपण झालंच नाही. त्यात मूलपेशी जशाच्या तशा देत नाहीत. आधी त्यांच्यापासून हव्या त्या पेशी घडवाव्या लागतात, आणि चुकून न घडलेल्या काही उरल्या तर गाठ होऊ शकते.

कंपन्या काही धर्मादाय नव्हेत, नफा त्या घेणारच. पण रुग्णाच्याच पेशी वापरायच्या तर या सगळ्या तपासण्यांचा खर्च एकट्या रुग्णावर पडतो. म्हणूनच जपानमधल्या त्याच गटाने 2017 मध्ये दात्याच्या, आधीच तपासून साठवलेल्या पेशी वापरल्या.