रजिस्टरमधला शेवटचा कॉलम

बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. पोस्ट मोठी आहे. पण समुपदेशन, थेरपी, सायकियाट्री ह्यातल्या कुठल्याही कामात असाल, किंवा स्वतः कधी समोरच्या खुर्चीत बसला असाल, तर प्लीज पूर्ण वाचा.

मी समुपदेशक व्हायच्या बऱ्याच आधी क्लायंट होते. पहिल्यांदा गेले तेव्हा रिसेप्शनवर एक मोठं रजिस्टर ठेवलेलं होतं, सुतळीने बांधलेलं पेन, आणि आखलेले कॉलम - तारीख, नाव, फोन नंबर, भेटीचं कारण. मी पेन हातात घेतलं आणि वरची ओळ वाचली गेली. मुद्दाम नाही वाचली, पण डोळे वाचतातच. माझ्या आधी आलेल्या माणसाचं पूर्ण नाव, नंबर आणि त्याचं कारण. काय लिहिलं होतं ते इथे सांगणार नाही, पण इतकी वर्षं झाली तरी ते मला शब्दन् शब्द आठवतंय, आणि त्या माणसाला हे कधी कळणारही नाही. मग लक्षात आलं की माझ्यानंतर येणारा माझी ओळ अशीच वाचणार. मी कारणाच्या कॉलममध्ये लिहिलं "जनरल". आणि आत गेल्यावर डॉक्टरांनाही अर्धा तास जनरलच सांगत बसले. झोप कमी आहे, कामाचा ताण आहे, वगैरे. जे सांगायला गेले होते ते तसंच घेऊन परत आले.

त्यानंतर काही महिने जात राहिले, हळूहळू बोलायलाही लागले होते. मग एक दिवस ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझा लॅपटॉप मोठ्या स्क्रीनला जोडलेला होता आणि कोपऱ्यात मेसेज आला - माझं नाव, "तुमचं अँक्झायटी थेरपी सेशन", उद्याची वेळ. चार-पाच सेकंद असेल नसेल. कोणी काही बोललं नाही. मीही पुढची स्लाइड लावली. पण त्या दिवसानंतर मी तिकडे पाऊल टाकलं नाही, आणि पुन्हा दुसरीकडे मदत मागायला मला जवळजवळ वर्ष लागलं. ते वर्ष कसं गेलं ते माझं मला माहीत. मेसेज पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता हो, सगळ्यांना जातो तसा ऑटोमॅटिक रिमाइंडर होता. "उद्या ५ वाजता अपॉइंटमेंट आहे" एवढंच लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

म्हणून मला गोपनीयता म्हणजे फॉर्मवरची सही असं कोणी बोललं की राग येतो. दुसऱ्या आजारात गोपनीयता पाळली नाही तरी गोळी निदान काम करते. इथे बोलणं हेच औषध आहे आणि ते फुटायची भीती असेल तर माणूस बोलतच नाही, म्हणजे औषध पोटात गेलंच नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये जॅफी विरुद्ध रेडमंड ह्या खटल्यात हेच मान्य केलं. एका पोलीस अधिकारी बाईने गोळीबाराच्या घटनेनंतर समुपदेशन घेतलं होतं आणि समोरच्या पक्षाला त्या सेशनच्या नोट्स हव्या होत्या. कोर्टाने संरक्षण दिलं, कारण विश्वास नसेल तर उपचार होऊच शकत नाही. आपल्याकडेही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २३ मध्ये गोपनीयता हा थेट रुग्णाचा हक्क म्हणून लिहिलाय. कायदे आहेत. रजिस्टरही आहेत, तिथेच, टेबलावर.

आमच्याच क्षेत्रातल्या कितीतरी लोकांना एक गोष्ट पटत नाही. माणूस आत काय बोलला हे तर गुपित आहेच, पण तो आला, हेही गुपित आहे. फोन येतो, "अमुक अमुक तुमच्याकडे येते ना? मी तिची मावशी बोलतेय, फक्त बरी आहे का एवढंच सांगा." आवाजात खरी काळजी असते. आणि रिसेप्शनवरची मुलगी भाबडेपणाने म्हणते, "हो हो, आत्ताच गेल्या त्या." झालं! बरोबर उत्तर एकच आहे, कोणाचंही नाव घेतलं तरी तेच द्यायचं - ह्या नावाची व्यक्ती आमच्याकडे येते की नाही हे मी सांगू शकत नाही. फक्त येत असलेल्यांच्या बाबतीत असं म्हणून चालत नाही, नाहीतर त्या वाक्याचाच अर्थ "हो" होतो. न येणाऱ्यांच्या बाबतीतही तेच म्हणायचं. हे रिसेप्शनवरच्या माणसाला कोणीतरी बसवून शिकवायला लागतं, पहिल्याच आठवड्यात, आणि बहुतेक ठिकाणी कोणीच शिकवत नाही. बाहेर कुठे क्लायंट दिसला तर आपण आधी ओळख दाखवायची नाही, हेही त्यातलंच. तो हसला तर हसायचं. आणि हे त्याला आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर बिचाऱ्याला वाटतं ओळख विसरल्या.

घरच्यांचं प्रकरण सगळ्यात नाजूक. फी वडील भरतात, मुलगा बावीस वर्षांचा आहे, आणि वडील विचारतात "काय म्हणतो तो?" पैसे दिले म्हणजे माहिती विकत घेतली असं त्यांना खरंच वाटत असतं, आणि प्रेमापोटीच वाटत असतं, म्हणून त्यांना झिडकारायचं नाही. पण सांगायचंही नाही. तो मुलगा सज्ञान आहे, काय सांगायचं ते तो ठरवेल, त्याला हवं असेल तर आपण तिघं एकत्र बसू. लहान मुलांच्या बाबतीत गणित वेगळं असतं, तिथे पालकांना काय कळणार आणि काय नाही हे पहिल्याच दिवशी मुलाच्या समोर, त्याला समजेल अशा भाषेत बोलून घ्यायचं.

आता डेटा. फिनलंडमध्ये वास्तामो नावाची मोठी थेरपी कंपनी होती. २०२० मध्ये एका हॅकरने कंपनीकडे ४० बिटकॉइन मागितले, कंपनीने दिले नाहीत तर त्याने सरळ क्लायंट्सना ईमेल पाठवले - २०० युरो भर, नाहीतर तुझ्या सेशनच्या नोट्स सगळ्यांना दाखवतो. हजारो लोकांना. विचार करा, ज्या गोष्टी नवऱ्याला, आईला, कोणालाही सांगितल्या नव्हत्या त्या कोणीतरी अनोळखी माणूस हातात धरून पैसे मागतोय. नोट्सबरोबर नाव, पत्ता, सरकारी ओळख क्रमांक सगळं एकत्र ठेवलेलं होतं आणि सुरक्षा अतिशय ढिसाळ होती. २०२१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, २०२४ मध्ये एकाला दोषी ठरवून सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. पण एकदा इंटरनेटवर गेलेलं परत गोळा करता येत नाही.

आणि दर वेळी चोरच लागतो असंही नाही. बेटरहेल्प ह्या ऑनलाइन थेरपी कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०२३ मध्ये कारवाई केली, ७८ लाख डॉलर भरायला लावले. आरोप काय? माहिती गोपनीय राहील असं सांगून लोकांचे ईमेल आणि प्रश्नावलीतली माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅट वगैरेंना दिली. "तुम्ही आधी थेरपी घेतली आहे का" ह्या प्रश्नाचं उत्तर माणूस रात्री दोन वाजता रडत रडत भरतो. तो जाहिरातीचा कच्चा माल आहे हे त्याला कसं कळणार?

हे वाचून "आम्ही कुठे एवढे मोठे" असं म्हणू नका. लहान प्रॅक्टिसमध्ये काय चालतं ते मी बघितलंय. क्लायंटचे नंबर फोनमध्ये "नाव - डिप्रेशन" असे सेव्ह केलेले, आणि तो फोन घरातली मुलं गेम खेळायला घेतात. नोट्स अशा गुगल डॉक्समध्ये की लिंक असेल तो उघडू शकेल. सेशन रेकॉर्ड करून एआयकडून नोट्स लिहून घ्यायच्या, आणि ते रेकॉर्डिंग कुठल्या सर्व्हरवर राहतं, किती दिवस राहतं, त्यावर मॉडेल ट्रेन होतं का, हे ना विचारलेलं ना क्लायंटला सांगितलेलं. आणि आमचे व्हॉट्सॲप ग्रुप! "एक केस आहे, सल्ला हवा" म्हणून नाव काढून सगळं वर्णन टाकायचं. वय, व्यवसाय, किती मुलं, नुकताच कुठला अपघात झाला. नाव काढल्याने ओळख जात नाही हो. तिला ओळखणाऱ्या माणसाला तीन तपशील पुरतात, आणि त्या दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये कोण आहे हे तुम्हालाही माहीत नसतं. सुपरव्हिजन, म्हणजे केसबद्दल अनुभवी थेरपिस्टचा सल्ला घेणं, हवंच, पण ते एका जबाबदार माणसाबरोबर बंद दाराआड, आणि क्लायंटला त्याची कल्पना देऊन.

ह्या पोस्टमध्ये मी एकाही क्लायंटची गोष्ट सांगितली नाहीये हे तुमच्या लक्षात आलं असेल. जे आहे ते माझं स्वतःचं आहे किंवा जाहीर नोंदीतलं आहे. "आज एक क्लायंट म्हणाली..." अशा रील्स मी बघते तेव्हा माझ्या मनात एवढंच येतं की ती हे बघत असेल का.

गोपनीयतेला मर्यादा आहेत, आणि त्याही लपवायच्या नसतात. जिवाला धोका असेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, लहान मुलावर अत्याचार होत असेल, कोर्टाचा आदेश असेल, तर बोलावं लागतं. दुसऱ्याच्या जिवाला धोका असतो तेव्हाचं हे कॅलिफोर्नियात १९७६ च्या टॅरासॉफ निकालाने पक्कं केलं, तिथे एका तरुणीला मारायचा विचार रुग्णाने थेरपिस्टला सांगितला होता आणि तिच्यापर्यंत इशारा पोहोचला नाही, तिचा खून झाला. पण तेव्हासुद्धा जेवढं गरजेचं तेवढंच, ज्याला गरज आहे त्यालाच. आख्खी फाइल उघडी करायची नसते. आणि ह्या मर्यादा पहिल्या सेशनला तोंडाने सांगायच्या, चौथ्या पानावरच्या बारीक अक्षरात नाही. मर्यादा आधी सांगितल्या तर लोक बोलायचे थांबतील अशी भीती असते, माझा अनुभव उलटा आहे.

मी वर्षभराने ज्यांच्याकडे गेले त्यांनी काय झालंय हे विचारायच्या आधी तीन गोष्टी विचारल्या. मेसेज कुठल्या नंबरवर करू? मेसेजमध्ये काय लिहिलेलं चालेल? आणि फोन दुसऱ्या कोणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू? मला उत्तर देताच आलं नाही, रडायलाच आलं, कारण तोपर्यंत हे मला कोणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. आता माझ्या फॉर्मवर हेच तीन प्रश्न सगळ्यात वर आहेत. तुम्ही जात असाल कुठे तर हे स्वतःहून सांगा, विचारलं नाही तरी सांगा, आणि नोट्स कुठे ठेवता, कोण वाचतं हेही विचारा. चांगल्या माणसाला ह्याचा राग येत नाही.

आणि माझ्या क्षेत्रातल्या मित्रमैत्रिणींनो, उद्या सकाळी क्लिनिक उघडलं की पहिल्यांदा ते रजिस्टर टेबलावरून उचला. कपाटात ठेवा, कुलूप लावा. नवीन वही घेतलीत तर शेवटचा कॉलम आखूच नका.