‘आपल्याला उन्हाची सवय आहे’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

दरवर्षी मार्च सरत आला की एक संदेश कुटुंबाच्या, सोसायटीच्या आणि जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो. ऊन आपल्याला नवे नाही, आपले शरीर त्याला सरावलेले आहे आणि उष्णतेच्या लाटेचे भय हे थंड देशांतल्या लोकांनी आपल्यावर लादलेले खूळ आहे. पूर्वीही असेच ऊन पडत असे. सरकारी आकड्यांतच उष्माघाताचे बळी मोजके असतात, तेव्हा धोका फुगवून सांगितला जातो. खिशात कांदा ठेवावा आणि पारा चाळीसच्या वर गेला की थंड पाणी पिऊ नये, कारण त्याने बारीक रक्तवाहिन्या फुटतात. बाकी खरा उपाय म्हणजे एसी, आणि तो गरीब देशाला परवडणारा नाही. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, हे मला मान्य आहे. परंतु त्यातल्या जवळजवळ प्रत्येक विधानाची तपासणी आपल्याच देशात आणि आपल्यासारख्याच उष्ण, गरीब देशांत झालेली आहे. तिचे निष्कर्ष या संदेशाच्या विरोधात जातात आणि ते ठाऊक नसल्यामुळे माणसे मरतात. म्हणून हा प्रतिवाद सविस्तर करणे मला आवश्यक वाटते.

सवयीच्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते आधी मान्य करायला हवे. साधारण एक ते दोन आठवडे रोज उष्णतेत काम केले की रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो, घामावाटे जाणारे मीठ कमी होते आणि तेवढ्याच श्रमाला हृदयावर पडणारा ताण घटतो. मात्र ही सवय वंशपरंपरेने मिळत नाही. काही आठवडे गारव्यात गेले की ती उतरते, आणि दरवर्षी नव्याने कमवावी लागते. वर्षभर वातानुकूलित कार्यालयात बसणारा माणूस विदर्भात जन्मला म्हणून मे महिन्यात भर दुपारी सुरक्षित ठरत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सवयीला भौतिक मर्यादा आहे. घाम वाळतो तेव्हाच शरीर थंड होते, आणि हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळतो. तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून मोजलेल्या तापमानाला वेट बल्ब तापमान म्हणतात, आणि ते ३५ अंश सेल्सिअसला पोहोचले की सावलीत स्वस्थ बसलेला निरोगी माणूसही फार काळ तग धरू शकत नाही, असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला. पुढे पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी व्यक्तींवर प्रत्यक्ष प्रयोग झाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, दमट हवेत हलकी हालचाल करतानाच, वेट बल्ब तापमान साधारण ३१ अंशांच्या आसपास असले की शरीराचे आतले तापमान आवाक्याबाहेर चढू लागते.

हे तरुण अमेरिकेतले होते, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. म्हणूनच पिढ्यानपिढ्या उन्हात राहणाऱ्यांचा अभ्यास काय सांगतो ते पाहायला हवे. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर आणि निकाराग्वा येथील ऊसतोड मजुरांमध्ये मूत्रपिंडे निकामी होण्याचा एक आजार आढळतो. एल साल्वादोरमधील डॉक्टरांनी तो २००२ मध्ये प्रथम नोंदवला. मधुमेह नाही, उच्च रक्तदाब नाही, वय तिशी-चाळिशीचे, आणि तरीही डायलिसिसची वेळ, असे हे रुग्ण. आजाराची सगळी कारणे अजून उलगडलेली नाहीत, परंतु उष्णतेत सलग अतिश्रम आणि वारंवार होणारी पाण्याची कमतरता हे त्यातले प्रमुख घटक मानले जातात. या माणसांइतकी उन्हाची सवय कोणाला असणार? तिथल्या संशोधकांनी पाठीवर घेता येतील अशा पाण्याच्या पिशव्या, फडाबरोबर पुढे सरकणारे सावलीचे तंबू, ठरावीक वेळाने सक्तीची विश्रांती आणि अधिक सोयीचे कोयते अशी व्यवस्था लावून पाहिली. मजुरांचा त्रास कमी झाला, आणि माणशी तोडणी घटेल ही मुकादमांची भीती खोटी ठरली. बीड-अहिल्यानगरहून दरवर्षी कोयता घेऊन निघणारी जोडपी ज्या महाराष्ट्रात आहेत, तिथे हा प्रयोग प्रत्येक कारखान्याच्या संचालक मंडळापुढे ठेवायला हवा.

तमिळनाडूतील पुरावा तर आणखी जवळचा आहे. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतील विद्या वेणुगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीटभट्ट्या, मिठागरे, शेते यांत उष्णतेत काम करणाऱ्या आणि तशा उष्णतेत न राबणाऱ्या अशा एकूण ८०० गर्भवतींचा काही वर्षे पाठपुरावा केला. उष्णतेत राबणाऱ्या गटात गर्भपाताचे प्रमाण ५ टक्के आढळले, तर दुसऱ्या गटात २ टक्के. या सगळ्या तिथेच जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या बायका होत्या. याच संशोधकांच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. कामाच्या जागी स्वच्छतागृह नसल्यामुळे स्त्रिया दिवसभर मुद्दाम पाणी कमी पितात. त्यांना ‘भरपूर पाणी प्या’ असा सल्ला देऊन उपयोग होत नाही, तिथे आधी स्वच्छतागृह बांधावे लागते. उष्णतेवरचा उपाय कधी कधी असा वेगळ्याच खात्याच्या अखत्यारीत असतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर झालेला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा आठवावा. लाखो माणसे तासन्‌तास उघड्यावर बसली होती आणि अधिकृत आकड्यानुसार १४ जणांचा मृत्यू झाला. पारा त्या दिवशी चाळीसच्या आतच होता. आलेले लोक सवय नसलेले परदेशी पाहुणे नव्हते. खाडीकाठची दमट हवा, सावलीचा अभाव आणि उठून जाता न येणारी गर्दी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. हवामान खात्यानेही किनारपट्टीसाठी उष्णतेच्या लाटेचा उंबरठा ३७ अंश आणि सपाट प्रदेशासाठी ४० अंश असा वेगळा ठेवला आहे, त्यामागे हेच कारण आहे.

पूर्वीही असेच ऊन होते, हा मुद्दा लवकर निकालात निघतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झालेल्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. हा आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो, परंतु सरासरी एवढी सरकली की टोकाचे दिवस कितीतरी पटींनी वाढतात. एप्रिल २०२३ मध्ये भारत आणि बांगलादेशात आलेल्या दमट उष्णतेच्या लाटेची शक्यता हवामानबदलामुळे किमान ३० पट वाढली होती, असे शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने काढलेले अनुमान आहे. शिवाय घरेही बदलली. कौलारू घराला माळा असे, धाब्याच्या घरावर मातीचा जाड थर असे. आता शहरातल्या कष्टकऱ्याच्या डोक्यावर पत्रा असतो. हवामान खाते तापमान मोजते ते झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत आणि मोकळ्या हवेत. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी किती तापते आणि रात्री बारालाही किती उरते, ते बातमीतल्या आकड्यात येत नाही.

बळी मोजके असतात, हा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो आकड्यांचा आधार घेऊन येतो. उष्माघाताचा मृत्यू म्हणून नोंद व्हायची तर रुग्ण जिवंतपणी रुग्णालयात पोहोचावा लागतो, तिथे त्याचे तापमान वेळेवर मोजले जावे लागते आणि डॉक्टरांनी तसे निदान लिहावे लागते. प्रत्यक्षात उष्णतेने मरणारे बहुसंख्य लोक हृदय, मूत्रपिंड किंवा फुप्फुसांचा जुना आजार बळावून, अनेकदा घरीच मरतात आणि दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचे लिहिले जाते. म्हणून जगभर वेगळी पद्धत वापरतात. लाटेच्या काळात सर्व कारणांनी झालेले एकूण मृत्यू मोजायचे आणि इतर वर्षांच्या त्याच काळाशी ताडून पाहायचे. २००३ मध्ये फ्रान्समध्ये जवळपास १५ हजार जादा मृत्यू झाले, हे याच पद्धतीने कळले. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या महिन्यात शहरात ४,४६२ मृत्यू झाले, तर २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांची सरासरी ३,११८ होती. म्हणजे एका शहरात, एका महिन्यात १,३४४ मृत्यू जादा, सुमारे ४३ टक्क्यांची वाढ. दहा भारतीय शहरांच्या २००८ ते २०१९ या काळातील मृत्युनोंदींवर आधारित अभ्यासात मुंबई आणि पुणेही होती. त्या त्या शहराच्या मानाने अतिउष्ण असे सलग दोन दिवस गेले की रोजच्या मृत्यूंत १४.७ टक्के वाढ दिसली. या अभ्यासातला उंबरठा शहरागणिक वेगळा धरला होता, हे मुद्दाम सांगतो. सवयीचा फरक संशोधकांनी आधीच हिशेबात घेतलेला होता आणि तरीही मृत्यू वाढलेले दिसले.

कांद्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जेवणात तो जरूर असावा, परंतु खिशातला कांदा शरीराचे तापमान कमी करू शकेल अशी कोणतीही क्रिया विज्ञानाला ज्ञात नाही. पन्हे आणि मीठ घातलेले ताक यांचे तसे नाही, त्यांतून पाणी आणि मीठ दोन्ही मिळते. पण तेही प्रतिबंधासाठी. उष्माघात झाल्यावर त्यांचा उपयोग नाही.

थंड पाण्याविषयीची सूचना मात्र सरळसरळ जीवघेणी आहे. थंड पाणी प्यायल्याने रक्तवाहिन्या फुटत नाहीत. उन्हात त्वचेतल्या वाहिन्या रुंदावतात, थंडाव्याने आकुंचन पावतात, आणि प्यायलेले पाणी घशातून पोटात जाईपर्यंतच कोमट होऊ लागते. फार तर एखाद्याला पोटात कळ येईल. याउलट उष्माघातावरचा सर्वांत परिणामकारक उपचार थंड पाण्याचाच आहे. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर आणि त्याबरोबर बडबड, गोंधळ, झटके किंवा बेशुद्धी असेल तर तो उष्माघात समजावा. घाम थांबलेला असलाच पाहिजे असे नाही, श्रमाने झालेल्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकते. अशा माणसाला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट न पाहता लगेच त्याला गार करायला लागावे. टाकी किंवा मोठे घंगाळ असेल तर मान वर ठेवून थंड पाण्यात बसवावे. नसेल तर अंगावर सतत पाणी ओतत वारा घालावा आणि मान, काखा, जांघा येथे बर्फ ठेवावा. पहिल्या अर्ध्या तासात तापमान किती उतरते यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळीही देऊ नये. हा ताप संसर्गाचा नसल्यामुळे ती लागू पडत नाही आणि आधीच ताणलेल्या यकृतावर भार मात्र पडतो. ‘थंड पाणी लावू नका’ असे सांगणारा नातेवाईक या अर्ध्या तासात रुग्णाजवळ उभा असेल तर काय होईल, याचा विचार संदेश पुढे पाठवणाऱ्याने करावा.

राहिला एसीचा प्रश्न. अहमदाबादच्या शारदाबेन रुग्णालयात प्रसूतीकक्ष वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. २०१० च्या लाटेत तिथल्या नवजात बालकांना उष्णतेमुळे अतिदक्षता विभागात हलवावे लागत होते, आणि ४२ अंशांच्या पुढे प्रत्येक अंशागणिक असे हलवाव्या लागणाऱ्या बालकांच्या संख्येत सुमारे ४३ टक्के वाढ होत असल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले. त्यांनी कक्ष तळमजल्यावर हलवला. असे दाखल होण्याचे प्रमाण सुमारे ६४ टक्क्यांनी घटले. यासाठी परदेशी यंत्र लागले नाही, मोठा निधीही नाही. नोंदवही नीट ठेवणारे आणि ती वाचणारे डॉक्टर लागले. त्याच शहरात महापालिकेने गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेसह २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा अमलात आणला. तापमानानुसार इशाऱ्याचे रंग, डॉक्टरांचे प्रशिक्षण, पाणपोया आणि पुढे झोपडपट्ट्यांतील छपरांना पांढरा परावर्तक लेप, असे त्याचे स्वरूप आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार या आराखड्यामुळे वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले. हा अंदाज निरीक्षणावर आधारलेला आहे, त्या काळात शहरात इतर बदलही झाले असतील, त्यामुळे नेमक्या आकड्यावर मी पैज लावणार नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे. पांढऱ्या छताचा लाभही घरागणिक वेगळा असतो. खोलीत वारा खेळत नसेल तर नुसता लेप पुरत नाही, आणि धूळ साचली की तो निष्प्रभ होतो.

तेव्हा स्वस्त उपाय उपलब्ध आहेत, त्रुटी अन्यत्र आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चने २०२३ मध्ये देशातील ३७ उष्णता आराखडे तपासले, तेव्हा नेमक्या कोणत्या वस्त्यांना आणि कोणत्या कामगारांना सर्वाधिक धोका आहे याचे रीतसर मूल्यांकन त्यांपैकी केवळ दोहोंत आढळले. आपल्या शहराच्या आराखड्यात ते आहे का आणि त्यासाठी पैशांची तरतूद कोणत्या शीर्षाखाली केली आहे, हे प्रश्न महापालिकेला एप्रिलपूर्वी विचारता येतात.