शिसं रोमनांचं आणि शिसं पेट्रोलचं

सध्या फिरणारा एक फॉरवर्ड: ‘ग्रीनलँडच्या दोन हजार वर्षं जुन्या बर्फात शिसं सापडलं. म्हणजे प्रदूषण काही आजचं नाही, पेट्रोलला उगाच बदनाम केलं. शिवाय ज्वालामुखी शिसं ओकतातच. आणि लोखंडी ड्रिलने काढलेल्या बर्फावर भरवसा कसला?’

पहिलं वाक्य खरं आहे. रोमन काळात चांदी मिळायची ती शिशाच्या खनिजातून. धातू वितळवून त्यावर हवा मारली की शिशाचा ऑक्साइड होई, त्यातलं थोडं धुराबरोबर उडे आणि वाऱ्याने ग्रीनलँडपर्यंत जाई. तिथल्या बर्फात शिशाची नैसर्गिक पातळी ग्रॅममागे साधारण अर्धा पिकोग्रॅम (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग). ग्रीक-रोमन काळात ती चौपट झाली. १९६०च्या दशकात मात्र ती शंभर पिकोग्रॅमच्या वर गेली. इ.स.पू. ५०० ते इ.स. ३०० या आठशे वर्षांत ग्रीनलँडवर सुमारे ४०० टन शिसं पडलं, आणि १९३०च्या दशकापासून शिसं मिसळलेल्या पेट्रोलमधून जे पडलं त्याच्या हे जेमतेम १५ टक्के. भागाकार करून पाहा: तेव्हा वर्षाला अर्धा टन, पेट्रोलच्या सहा दशकांत वर्षाला चाळीस टनांहून जास्त.

ज्वालामुखींचा वाटा मोजून वजा करता येतो. त्यांची खूण गंधकाच्या आम्लात दिसते: आइसलँडमधल्या १७८३च्या लाकी उद्रेकासारखी, वर्ष-दोन वर्षांत ओसरणारी. उडालेल्या मातीतलं शिसं किती, ते अॅल्युमिनियमच्या प्रमाणावरून कळतं. राहिलेल्या शिशाचे समस्थानिक, म्हणजे त्याचेच वेगवेगळ्या वजनाचे अणू, त्याची खाण सांगतात. इ.स.पू. १५० ते इ.स. ५० मधलं सुमारे ७० टक्के शिसं नैऋत्य स्पेनमधल्या रिओ टिंटोच्या खाणींचं होतं. इ.स. १६५च्या सुमारास रोमन साम्राज्यात साथ पसरली आणि बर्फातलं शिसं घसरलं. ज्वालामुखींना साथीचे रोग होत नाहीत.

ड्रिलचा आक्षेप मात्र गंभीर आहे. जुनी बरीच मोजमापं याच चुकीने वाया गेली. बर्फातलं भोक दाबाने मिटू नये म्हणून त्यात केरोसीनसारखा द्रव भरतात, त्यामुळे गाभ्याचा, म्हणजे ड्रिलने काढलेल्या बर्फाच्या लांब दंडगोलाचा, बाहेरचा पृष्ठभाग शिशाने माखलेला निघतो. अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांच्या परंपरेतली पद्धत अशी: शीतकक्षात बाहेरून आत एकेक साल काढायची, प्रत्येक सालीला स्वच्छ केलेली वेगळी छिन्नी घ्यायची आणि प्रत्येक साल वेगळी मोजायची. आत जाता जाता आकडा उतरत एका पातळीवर स्थिरावला तरच मधला भाग ग्राह्य. मध्यापर्यंत उतरतच राहिला तर तुकडा बाद.

आता साधारण तीन सेंटीमीटर चौरस छेदाची बर्फाची कांडी तापवलेल्या पट्टीवर उभी वितळवतात. पट्टीवरच्या कंगोऱ्यांमुळे बाहेरचं पाणी वेगळं वाहून जातं, आतलं थेट मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला. त्यात नायट्रिक आम्ल घालावं लागतं, नाहीतर शिसं नळीच्या भिंतीला चिकटतं आणि आकडा खोटाच कमी येतो. तडा गेलेल्या तुकड्यात द्रव मुरलेला असतो, तो भाग वगळावाच लागतो. आणि मुख्य म्हणजे ड्रिलची घाण आकडा फक्त वाढवते. रोमनांच्या आधीचे अर्ध्या पिकोग्रॅमचे थर घाणीतून येणार कुठून?

‘शिसं वरून खाली झिरपलं असेल’ अशी एक पुरवणीही जोडलेली असते. बर्फ वितळतो तिथे हे होतं. ग्रीनलँडच्या माथ्यावर सरासरी तापमान उणे ३० अंशांच्या आसपास असतं, आणि शिसं धूलिकणांना धरून असतं. ते जागचं हलत नाही. झिरपलंच असतं तर अमेरिकेने १९७०च्या दशकात पेट्रोलमधलं शिसं कमी करायला घेतल्यावर वरचे थर स्वच्छ झालेले इतके स्पष्ट दिसले नसते: वीसेक वर्षांत साडेसात पट घट.

एक गोष्ट फॉरवर्डवाल्यांच्या बाजूची, जी त्यांनी लिहिलेली नाही. अंटार्क्टिकात कारखानी शिसं १८८९च्या सुमारास पोहोचलं, अॅमंडसेन दक्षिण ध्रुवावर जाण्याच्या २२ वर्षं आधी. त्याच्या समस्थानिकांची खूण ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खनिजाची आहे. शिसंमिश्रित पेट्रोल विकायला आलं ते १९२३ मध्ये.