सव्वा तासात मुंबई? घरापासनं मोजा की राव

एका लेखात लिवलंय बेळगाव ते मुंबई विमानानं सव्वा तास, ते खरं हाय, पण ते फक्त विमानाचं झालं की. हवाई अंतर साधारण ४०० किमी, रस्त्यानं जवळपास ४९०, म्हणजे एटीआर, ते पंख्याचं छोटं विमान, ताशी ५०० नं गेलं तरी हवेत तासाच्या आतच पोचायला पाहिजे, उरलेला वेळ जातोय धावपट्टीपर्यंत रांगत जाण्यात नि मुंबईवर घिरट्या घालण्यात. आम्ही कर्नाटकातल्या निपाणीचे, सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, जायचं म्हणजे आधी ७५ किमी हायवे, मग सगळं बेळगाव शहर ओलांडून पलीकडं १० किमी, त्यात तासभर आधी पोचायचं. त्यापेक्षा कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ आम्हाला निम्म्यानं जवळ पडतंय, राज्य दुसरं असलं म्हणून काय झालं. मागं एकदा हौसेनं सांबऱ्यावरनं गेलो, धुक्यानं विमान तीन तास लेट, आणि आदल्या रात्री स्लीपर बसनं निघालेला आमचा मेहुणा दादरला आंघोळ करून नाष्टा करत फोनवर हसत होता 😄 बेंगळूरला मात्र विमान परवडतं, ५०० किमी बसनं म्हणजे कंबरेचा खुळखुळा, पण तिथंबी विमानतळ गावापासनं ३५ किमी लांब, ते कोण लिवत नाही.