कट्टा: नियम १२ आणि बापूंची टाकी

सुरुवात बापूंनीच केली. "आपल्या खासदाराला कॅबिनेट मिळालं!"

"राज्यमंत्री झालेत ते," मंदार म्हणाला. "बैठकीचं बोलावणं आलं तर जायचं. २०२४ ला शपथ घेतली पंतप्रधान धरून ७२ जणांनी, त्यात कॅबिनेट मंत्री ३०."

"उद्या शंभर करतील!"

"८१ च्या वर नाही जाता येत. ९१वी घटनादुरुस्ती, लोकसभेच्या १५ टक्के."

बापूंनी लगेच मोबाइल काढला. ५४३ चे १५ टक्के ८१.४५ निघाले आणि तो पॉइंट पंचेचाळीस मंत्री कोणत्या पक्षाला द्यायचा यावर बराच वेळ गेला.

शिऱ्या मूळ पदावर आला. "पण चर्चा होऊनच ठरतं ना सगळं?"

"टिपणी, म्हणजे खात्याचा लेखी प्रस्ताव, मंत्रिमंडळापुढे पोचेपर्यंत बरंच उरकलेलं असतं," मंदार म्हणाला. "खातं मसुदा करतं, संबंधित खात्यांना फिरवतं, अर्थ आणि विधीचे अभिप्राय घेतं, प्रत्येक आक्षेपावर उत्तर लिहितं. मग मंत्र्याची सही, मग कॅबिनेट सचिवालय. आणि मंजूर काय होतं? मंजुरी मागणारा परिच्छेद. इतिवृत्तात एवढंच येतं, 'परिच्छेद अमुकमधला प्रस्ताव मंजूर.' रक्कम किती, पदं किती, पुढचे बदल करायचे अधिकार कुणाला, हे त्या परिच्छेदात मोघम राहिलं की मेलात. आधीची पानं कितीही झकास असोत, अर्थ खातं विचारतं, मंजुरी नेमकी कशाला? चला, नव्याने टिपणी."

"आणि मोठे विषय?"

"ते समित्यांत. सुरक्षेच्या समितीत पंतप्रधान, संरक्षण, गृह, अर्थ आणि परराष्ट्र. नियुक्त्यांच्या समितीत दोघंच, पंतप्रधान आणि गृहमंत्री. तिथे बहुमत कसं मोजतात, ते बापू सांगतील."

बापू तापले. "नेहरूंच्या काळी असलं नव्हतं! तेव्हा मंत्र्यांना विचारायचे!" (नेहरूंचा काळ हा बापूंचा हुकमी एक्का. निघाला नाही असा विषय नाही.)

"१९५६ ला मुंबई केंद्रशासित करायची घोषणा झाली तेव्हा? सी. डी. देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत सांगितलं, हा विषय मंत्रिमंडळापुढे आलाच नव्हता."

बापू संयुक्त महाराष्ट्रवाले. त्यांची पंचाईत झाली. नेहरूंची बाजू घ्यावी तर मुंबई जाते.

"आणि ७५ साल?" शिऱ्या.

"२५ जूनच्या रात्री आणीबाणीवर राष्ट्रपतींची सही, मंत्र्यांना कळलं २६ ला सकाळी. केंद्र सरकारचे कामकाज नियम १९६१, त्यातला नियम १२. पंतप्रधानांना वाटलं तर नियम बाजूला ठेवता येतात, मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून. ४४व्या दुरुस्तीने आणीबाणीपुरतं कुलूप लागलं, मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना घोषणाच करता येत नाही. नियम १२ मात्र जागेवर आहे. २३ नोव्हेंबर २०१९ ची पहाट विसरलात? पावणेसहाला राष्ट्रपती राजवट उठली, ती ह्याच नियमावर."

पहाट म्हटल्यावर कट्टा फुटलाच. दोन मिनिटं कुणी काही ऐकेना.

"लोकशाहीची थट्टा आहे ही!" बापू मुठी आपटत. "आधी करायचं आणि मग विचारायचं!"

"तुम्ही बोलताय?" शिऱ्या म्हणाला. "सेक्रेटरी असताना सोसायटीच्या टाकीचं काम आधी उरकलंत. सभा कधी घेतलीत?"

"अरे, टाकी गळत होती! तातडी होती!"

"गळतेय अजून."

"म्हणजे मंजुरी कार्योत्तर," मंदार शांतपणे म्हणाला, "आणि गळतीसुद्धा कार्योत्तर."

नेहरू, नियम १२, सगळं तिथेच राहिलं. बापू टाकीच्या कंत्राटदाराची बाजू मांडायला लागले.