60 लिटरचा समुद्र आणि एक कोळंबी

घरात फिशटँक आणलाय असं कळलं की लोक मासे बघायला येतात, आमच्याकडे मात्र बरेच आठवडे लोक यायचे आणि दगड बघून जायचे. चहा, चिवडा, समोर दोन फुटी काचेच्या पेटीत पाणी, खाली पांढरी वाळू, मध्ये पाच-सहा ओबडधोबड दगड आणि वर निळा लाइट. "मासे लपलेत का गं?" असं मावससासूबाईंनी खाली वाकून, वाळूत डोळे घालून विचारलं. म्हटलं, नाही, अजून आणलेच नाहीत. "मग पंप कोणासाठी चालू आहे?" आता याला खरं उत्तर द्यायचं तर नायट्रोजन सायकल समजवावी लागते आणि ती चहा संपेपर्यंत संपत नाही, म्हणून मी "पाणी मुरतंय" असं सांगून टाकायचे. मुरतंय म्हटलं की आपल्या लोकांना पटतं.

मुळात हट्ट माझाच. गोल्डफिश सगळ्यांकडे असतात, मला तो नारंगी अंगावर पांढरे पट्टेवाला क्लाउनफिश हवा होता, आणि तो राहतो खाऱ्या पाण्यात. खारं पाणी म्हणजे काय, पाण्यात मीठ, असं आख्ख्या खानदानाचं मत. नवरा म्हणाला डोंबिवलीहून समुद्र काय लांब आहे, रविवारी गिरगावला जाऊ, दोन कॅन भरून आणू, तारापोरवाला मत्स्यालय 1951 ला मरीन ड्राइव्हवर बांधलं ते समुद्र समोर आहे म्हणूनच ना. आता मुंबईच्या किनाऱ्याला पाण्यातून पाय बाहेर काढल्यावर पायाला काय काय चिकटलेलं असतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्यात शहराचं सांडपाणी आणि पावसाळ्यात खाड्यांचं गढूळ पाणी, ते मी विकतच्या माशाला देणार? मग सासूबाई म्हणाल्या घरात मिठाची पिशवी आहे की. पण समुद्रात नुसतं मीठ नसतं, मॅग्नेशियम असतं, कॅल्शियम असतं, पोटॅशियम असतं, आणि हे सगळं मापात घातलेलं मीठ वेगळं मिळतं, काजूच्या भावात मिळतं असं समजा. लिटरला साधारण 35 ग्रॅमच्या वर पडतं, म्हणजे माझ्या 60 लिटरला सव्वादोन किलोच्या आसपास. एवढ्यात आमचं लोणच्याचं मीठ किती वर्षं पुरलं असतं याचा हिशोब सासूबाईंनी तोंडी करून दाखवला.

त्यात पाणी पण साधं चालत नाही. आमच्या किचनमधल्या आरओला मी मोठ्या विश्वासाने टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, लावला तर आकडा सत्तरच्या घरात, कारण प्यायच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं साधं पाणी परत मिसळायची सोय असते. माशाला शून्य लागतं. माणसांना सत्तर, माशाला शून्य. मग वेगळं युनिट आलं, बाथरूममध्ये बसलं, आणि ते एक लिटर चांगलं पाणी द्यायला दोन-तीन लिटर टाकाऊ पाणी काढतं, त्यामुळे आमच्याकडे बादल्या, टब, जुना कुकर, सगळं कायम भरलेलं. कामाच्या मावशी त्याच पाण्याने लादी पुसतात आणि खालच्या मजल्यावर सांगतात की वरच्या वहिनी आता पाणी पण गाळून फेकतात.

खरा तमाशा कोळंबीवरून झाला.

गोष्ट अशी आहे की नव्या टँकमध्ये मासा घाण करतो, त्या घाणीचा अमोनिया होतो आणि अमोनियाने मासा मरतो. पण एक जातीचे बॅक्टेरिया अमोनियाचा नायट्राइट करतात, तोही विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया त्याचा नायट्रेट करतात, तो बराच सोसवतो. हे बॅक्टेरिया दगडावर, वाळूत वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात, आणि त्यांना मासा यायच्या आधी खायला काहीतरी द्यावं लागतं. ते देण्याची एक जुनी पद्धत म्हणजे टँकमध्ये एक कच्ची कोळंबी टाकायची आणि ती सडू द्यायची.

हे मी मालवणच्या सासूबाईंसमोर करत होते.

शुक्रवार होता, ओट्यावर ताजी कोळंबी सोलून ठेवलेली, हळद-मीठ लावायच्या आत मी त्यातली एक उचलली, हॉलमध्ये गेले आणि टँकमध्ये सोडली. ती हेलकावे खात दगडापाशी जाऊन बसली. सासूबाई हातात आगळाची बाटली घेऊन दारात उभ्या. "गो, चांगली सुंगटा कुसवतंस कित्याक?" मी म्हटलं आई, एकच आहे. एक की दहा हा प्रश्नच नव्हता, कोळंबी वाया घालवणं हे आमच्या घरात देवाचा नैवेद्य पाडण्याच्या खालोखाल आहे. पुढचे काही दिवस त्या येता-जाता काचेपाशी थांबायच्या, ती कोळंबी हळूहळू गुलाबीची राखाडी झाली, मग तिच्याभोवती कापसासारखं काहीतरी आलं, आणि त्या नुसत्या सुस्कारा सोडून देवघरात जायच्या. वास आला का? आला. खिडकी उघडली की शेजाऱ्यांना वाटायचं आमच्याकडे सुकट आहे, त्यातले एक जण तर जेवायच्या वेळेला काहीतरी निमित्त काढून आले.

पण सासूबाईंचा या प्रकल्पात प्रवेश झाला तो टेस्ट किटमुळे. छोट्या काचेच्या नळीत टँकचं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब मोजून टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि आलेला रंग कागदावरच्या पट्ट्यांशी जुळवायचा. पिवळा म्हणजे अमोनिया शून्य, हिरवा होत गेला की वाढला. मी आणि नवरा नळी ट्यूबलाइटखाली धरून भांडत होतो, मी म्हणत होते पिवळा, तो म्हणत होता हिरवा, तेवढ्यात सासूबाईंनी चष्मा लावला, नळी हातात घेतली, गॅलरीत उजेडात गेल्या आणि म्हणाल्या, "पिवळा नाय, हिरवा नाय, ह्यो पिस्ता. लिंबू व्हायला अजून वेळ आसा." चाळीस वर्षं दादरला साड्यांच्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसून शेड निवडलेली बाई ती, चुकेल कशाला. नायट्राइटची जांभळी नळी आली तेव्हा "वांगी कलर, वाईट हा" असा निकाल दिला, आणि वांगी जाऊन आकाशी आला, म्हणजे नायट्राइट संपला, त्या दिवशी मला फोन करून ऑफिसात कळवलं.

मग मुलगा म्हणाला आता समुद्री घोडा आणू. तो नाही मिळत, म्हणजे मिळू नये, कारण समुद्री घोडे आणि प्रवाळ दोघांनाही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. एका दुकानात मला "मॅडम, कोरल पाहिजे असेल तर सांगा" असं इतक्या हळू आवाजात विचारलं होतं की मला आधी वाटलं हा सोनं विकतोय. क्लाउनफिशचं तसं नाही, त्याची पैदास हॅचरीत होते, आपल्या ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही केलीय. तर जोडी आणली. पिशवी टँकमध्ये तरंगत ठेवली, पाण्याची सवय व्हावी म्हणून थेंब थेंब पाणी सोडलं, नवरा सलाइन लावलेल्या पेशंटच्या नातेवाइकासारखा बाजूला बसून.

दोघांत नवरा कोण आणि बायको कोण हा पहिला प्रश्न. क्लाउनफिश सगळे जन्मतः नरच, त्यातला जो सगळ्यात मोठा आणि दादागिरी करणारा तो मादी होतो, आणि ती मादी गेली की खालचा नर मादी होतो. हे मी जेवताना सांगितलं, एक मिनिट कोणी काही बोललं नाही, मग सासूबाईंनी सासऱ्यांना आमटी वाढत "म्हंजे घरात मोठी ती बायलच" एवढंच म्हटलं.

पहिल्याच रात्री मोठी वरच्या कोपऱ्यात तिरकी होऊन पाण्यावर डुगडुगत होती, शेपटी खाली, डोळे सताड उघडे. नवऱ्याने सगळं घर उठवलं. मेली म्हणाला. मासे झोपतात असे, आणि पापण्या नसतात तर डोळे मिटणार कसे, पण रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन पाच माणसं तोंडासमोर उभी राहिल्यावर ती बिचारी खडबडून जागी झाली आणि दगडामागे गेली.

मे महिन्यात आणखी गंमत. पाणी 26 च्या आसपास राहायला हवं आणि आमचा हॉल 33, 34. पाणी थंड करणाऱ्या चिलरची किंमत ऐकून मी दुकानातच खुर्ची मागितली. मग टँकवर दोन छोटे पंखे लावले, दुपारी एसी चालू, आणि ज्या एसीवरून आमच्याकडे "पंखा काय कमी आहे का" हे दर वर्षी ऐकायला मिळायचं तो एसी यंदा सासऱ्यांनी स्वतः उठून लावला. माशांसाठी. ते स्वतःही तिथेच पेपर घेऊन बसायचे तो भाग वेगळा.

पंख्यांनी पाणी थंड होतं पण उडतंही, दिवसाला लिटरभर सहज. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, 60 लिटरमधलं तीन लिटर गेलं की 35 चा खारटपणा 37 च्या आसपास जातो, म्हणून रोज वरून बिनमिठाचं, शून्यवालं पाणी घालून काचेवरच्या रेषेपर्यंत आणायचं. मीठ घालायचं नाही. हे सोपं वाटतं ना? आम्ही गणपतीला गावी निघालो तेव्हा किल्ली शेजारच्या काकांना दिली आणि हे समजवायला बसले.

"रेषेपर्यंत फक्त या कॅनमधलं पाणी घालायचं काका. मीठ नाही."

"पण मासा समुद्राचा ना?"

"हो, पण मीठ आहे आत आधीचंच."

"चिमूटभर पण नको?"

शेवटी आठवलं की काका वसईचे. म्हटलं काका, मिठागरात काय होतं? उन्हाने पाणी उडतं आणि मीठ खाली राहतं, तसंच इथे. काकांचा चेहरा एकदम उजळला, हां हां, असं सांग ना मग, म्हणाले, कॅन उचलून बघितला, रेषेला बोट लावून बघितलं, टँकच्या झाकणावर साचलेला मिठाचा पांढरा थर नखाने खरवडला आणि जिभेला लावला.

"बरंय की चवीला. मग तुम्ही येईपर्यंत निघेल तेवढं मी काढून ठेवू का?"